गाणाऱ्या मंडळीचे कवि : रेव्हरंड नारायण वामन टिळक

मनुष्याला व्यवहार परक्या भाषेंत करतां येतो आणि हिशेब तर कोणत्याहि भाषेंत मांडतां येतो. परंतु दुःखानें ऊर भरून आला असतां, किंवा आनंदानें गळा दाटून आला असतां, त्याच्या ओठीं येते ती आईनें शिकविलेली भाषाच होय. ईश्वरापुढें उभें राहतांना हें सर्वांत अधिक खरें ठरतें. एखाद्या समाजाला आपल्या भाषेंत, आपल्या चालींवर, मोकळ्या कंठानें देवाचें नांव गातां येणें ही लहानसहान गोष्ट नव्हे. ती आपोआप होत नाहीं. कोणीतरी ती मिळवून द्यावी लागते, आणि मिळवून देणाराला तिची किंमत मोजावी लागते. महाराष्ट्रांतील ख्रिस्ती समाजाला हें दान ज्या पुरुषानें मुख्यत्वेंकरून दिलें, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचें चरित्र ह्या अंकांत वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

विद्यार्थिमित्रहो, टिळक हें नांव ऐकतांच तुम्हांस लोकमान्यांची आठवण होईल, आणि तें साहजिकच आहे. दोघेहि एकाच काळचे, एकाच रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले आणि दोघेहि चित्पावन ब्राह्मण. दोघांचेंहि देशावर निस्सीम प्रेम होतें. परंतु एकाचा मार्ग सिंहगर्जनेचा, तर दुसऱ्याचा टाळमृदंगाचा होता.

आमच्या चरित्रनायकाचा जन्म 1861 सालीं डिसेंबर महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें झाला. गिरगांव, दादर, परळ, लालबाग ह्या भागांत राहणाऱ्या तुमच्यापैकीं पुष्कळांचें मूळ गांव ह्याच मुलखांत असेल. कोंकणांतून पोटापाण्यासाठीं मुंबईस आलेल्या माणसानें दोन वस्तु मात्र गांवाकडून अवश्य बरोबर आणल्या: एक वळकटी, आणि दुसरी भजनाची आवड. ज्या काळीं गिरणगांवांत गिरण्यांचे भोंगे वाजत, त्या काळीं चाळीचाळींतून रात्रीं भजनी मंडळें बसत आणि दिवसभर मागावर उभा राहून थकलेला कामकरी तेथें अभंग म्हणून मन हलकें करी. ही आवड ज्या मातीची, त्याच मातीचें नारायणहि लेंकरूं होतें.

वडील वामनराव सरकारी नोकरींत होते; त्यांचा स्वभाव तापट व करडा होता. आई जानकीबाई मात्र मृदु मनाची, गाण्याकवितेची आवड असलेली होती. मुलाच्या कानांवर पहिलें गाणें पडलें तें तिच्याच तोंडचें. परंतु नारायण लहान असतांनाच ही माउली वारली. आई गेली तेव्हां त्या मुलाचें घरहि एका अर्थीं गेलें. तो नाशकास आला आणि तेथें वेदशास्त्रसंपन्न गणेशशास्त्री लेले ह्यांच्या पायांपाशीं बसून त्यानें संस्कृताचा अभ्यास केला. शाळेंतील शिक्षण फार झालें नाहीं. जें कांहीं मिळविलें तें स्वतःच्या हिमतीवर व वाचनाच्या वेडावर. पुढें महाराष्ट्रांतील उत्तम कवींत ज्याची गणना व्हावयाची होती, त्यानें विद्यापीठाची कोणतीच पदवी घेतलेली नव्हती, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

नाशकाजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांची मनकर्णिका ही अवघ्या अकरा वर्षांची मुलगी त्यांस दिली. हीच पुढें लक्ष्मीबाई टिळक ह्या नांवानें प्रसिद्धीस आली. लग्नानंतरचीं वर्षें भटकंतीचीं होतीं. टिळकांनीं शिक्षकाची नोकरी केली, भिक्षुकी केली, छापखान्यांत खिळे जुळविण्याचें काम केलें. एका गांवीं मन रमावें तों दुसऱ्या गांवची ओढ लागावी, असा प्रकार होता. हातीं पैसा आला कीं तो गरजवंताच्या हातीं जाई आणि घरांत चूल पेटण्याची पंचाईत पडे. मनांत मात्र एकच प्रश्न घर करून बसला होता. ज्या देशांत इतके साधुसंत झाले, तो देश जातिभेदानें व अज्ञानानें असा दुबळा कां व्हावा? ह्या देशाला पुन्हा उभें करील असा धर्म कोणता? हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसूं देईना.

1891 सालीं नागपुरास त्यांस संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचें काम मिळालें. दोन वर्षांनीं, म्हणजे 1893 सालीं, नोकरीच्या शोधांत ते राजनांदगांव संस्थानाकडे आगगाडीनें निघाले. डब्यांत अर्नेस्ट वॉर्ड नांवाचे एक मिशनरी भेटले. प्रथम काव्यावर गोष्टी निघाल्या, मग धर्मावर. उतरतांना त्या गृहस्थानें टिळकांच्या हातीं नव्या कराराची एक प्रत दिली आणि ती वाचण्याची विनंति केली. टिळकांनीं दिलेला शब्द पाळला. वाचतां वाचतां ते डोंगरावरील प्रवचनापाशीं येऊन पोंचले आणि तेथेंच थबकले. जो प्रश्न ते इतकीं वर्षें उराशीं बाळगून हिंडत होते, त्याचें उत्तर त्यांना त्या थोड्याशा पानांत सांपडल्यासारखें वाटलें. पुढें दोन वर्षें त्यांनीं वाचन, विचार व पत्रव्यवहार केला. आणि अखेर 10 फेब्रुवारी 1895 रोजीं आपल्या ह्या मुंबईंतच, अमेरिकन मराठी मिशनच्या उपासनामंदिरांत, त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ह्या मिशनचें कार्य मुंबईंत 1813 पासून चाललेलें होतें.

येथें क्षणभर थांबून ह्या प्रसंगाची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. कारण ती पाहिल्यावांचून हें चरित्र अर्धेंच राहील. नवरा ख्रिस्ती झाला ही बातमी लक्ष्मीबाईंना कळली, तेव्हां त्यांच्यावर जणूं आकाशच कोसळलें. त्या काळच्या समजुतीप्रमाणें नवरा जिवंत असूनहि त्या त्याला पारख्या झाल्या. पदरीं लहानगा दत्तू, आणि सभोंवतीं नातलगांचें रडणें. चार-पांच वर्षें हीं नवराबायको एकमेकांपासून दूर राहिलीं. लक्ष्मीबाईंनीं त्यांतले दिवस पंढरपुरास काढले. तिकडे टिळक एकटे, इकडे त्या एकट्या. आणि दोघांमधला दुवा म्हणजे पत्रें आणि कविता. निर्णय नवऱ्याचा होता, पण त्याचा भार दोघांनीं वाहिला. त्यांतहि लक्ष्मीबाईंचा वांटा अधिक जड होता. कारण तो त्यांनीं मागून घेतलेला नव्हता.

टिळकांच्या बाजूनें इतकें अवश्य सांगितलें पाहिजे कीं त्यांनीं पत्नीवर आपला धर्म लादला नाहीं. लक्ष्मीबाई शेवटीं मुलासह त्यांच्याकडे परत आल्या त्या हिंदु म्हणूनच, आणि आपलें सोंवळेंओंवळें संभाळूनच राहूं लागल्या. पुढें जातिभेदाचा पीळ त्यांच्या मनांतून त्यांच्या स्वतःच्याच विचारानें सुटला, आणि 1900 सालीं त्यांनीं स्वतःच्या इच्छेनें बाप्तिस्मा घेतला. पतीनें शिकविलेल्या बाराखडीवर त्या लिहूंवाचूं लागल्या होत्या. त्याच हातांनीं पुढें मराठींतील एक अजरामर आत्मचरित्र लिहिलें जावयाचें होतें.

आतां टिळकांच्या जीवितकार्याकडे वळूं. ख्रिस्ती झाल्यावर ते अहमदनगरास राहिले. तेथें डॉ. ह्यूम ह्यांच्यासारख्या मिशनऱ्यांच्या सहवासांत त्यांनीं धर्मशिक्षणशाळेंत अध्यापन केलें, आणि पुढें त्यांस पाळकपदाची दीक्षा मिळाली. नगर जिल्ह्यांतील बहुसंख्य ख्रिस्ती मंडळी गांवकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आलेली होती. त्यांपैकीं अनेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांची श्रद्धा पुस्तकाच्या आधारावर तगणें कठीण होतें. ती गळ्यांत बसली तरच मनांत राहणार. परंतु उपासनेंत त्यांना गावयास मिळे काय? पुष्कळ वेळां इंग्रजी गीतांचीं भाषांतरें, आणि तींहि विलायती चालींवर.

ह्यांत अडचण कोणती, हें विद्यार्थ्यांनीं नीट समजून घ्यावें. इंग्रजी पद्य हें आघातांवर चालतें. कोणत्या अवयवावर जोर द्यावयाचा आणि कोणता हलका सोडावयाचा, ह्यावर त्याची गति अवलंबून असते. मराठी पद्य अक्षरांच्या संख्येवर अथवा ऱ्हस्वदीर्घाच्या मात्रांवर चालतें. विलायती चाल जेथें सूर लांबविते, तेथें मराठी शब्दांत ऱ्हस्व अक्षर आलें कीं अर्थाची चिरफाड होते. समजा, कवीला दिन म्हणजे दिवस म्हणावयाचें आहे. चालीनें तें अक्षर लांबविलें कीं ऐकणाराच्या कानांत दीन म्हणजे गरीब असें पडतें. कवि सुत म्हणजे पुत्र म्हणतो आणि मंडळी मात्र चरख्यावरचें सूत गाते! गाणारा भाविक असला तरी त्याचा गळा आणि त्याचें मन ह्यांची फारकत होते. तो म्हणतो खरें, पण गात नाहीं.

ही अडचण टिळकांच्याच ध्यानीं प्रथम आली असें मात्र नव्हे. गोमंतकांत फादर स्टीफन्स ह्या इंग्लंडांत जन्मलेल्या जेझुइटानें ख्रिस्तपुराण हा प्रचंड ग्रंथ मराठी ओवींत रचला आणि तो 1616 सालीं छापला गेला. आपल्या पुराणांची गोडी ज्यांना होती, त्यांना ख्रिस्ती झाल्यावर रितें वाटूं नये, हा त्याचा हेतु होता. नगर भागांतहि कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांनीं टिळकांच्या आधीं देशी चालींवर पदें रचून व ख्रिस्ती कीर्तनें करून वाट पाडली होती. टिळकांचें मोठेपण हें कीं, ज्या पायवाटेवरून थोडे लोक जात होते, तिचा त्यांनीं हमरस्ता केला.

त्यांनीं हातीं घेतलेलें मुख्य साधन म्हणजे अभंग. अभंगाचें शास्त्र थोडक्यांत असें. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यांत चार चरण. पहिले तीन सहा सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचें यमक जुळतें. चौथा चरण आंखूड असल्यानें कडवें तेथें पायरीवर टेकल्यासारखें टेकतें, आणि टाळांना आपला ठोका देण्यास जागा मिळते. धृपद सर्वांनीं पुन्हा पुन्हा म्हणावयाचें असतें. म्हणून ज्याला एकहि अक्षर वाचतां येत नाहीं, तोहि दुसऱ्या कडव्यापासून गाऊं लागतो. सहा अक्षरांत मोठे शब्द मावत नाहींत. त्यामुळें विचार कितीहि खोल असला तरी भाषा घरगुतीच ठेवावी लागते. तुकोबांनीं ह्या छंदांत सारा महाराष्ट्र गाता केला होता. टिळक लहानपणापासून तुकोबांवर वाढलेले. तुकोबांनींच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणून सोडलें, अशी त्यांची कृतज्ञ भावना शेवटपर्यंत होती. आणि ती बोलून दाखविण्यास ते कधीं कचरले नाहींत.

म्हणून ख्रिस्ताचें वर्णन करतांना टिळक मिशनच्या भाषेंतील ठराविक शब्दांवर अडून बसले नाहींत. ख्रिस्त त्यांना गुरु वाटला तेव्हां त्यांनीं त्याला गुरु म्हटलें, आणि आईसारखा वाटला तेव्हां माउली म्हटलें. ज्ञानेश्वरांना व विठ्ठलाला माउली म्हणणाऱ्या महाराष्ट्राला ह्या हांकेचा अर्थ समजावून सांगावा लागत नव्हता. त्यांच्या शंभरांहून अधिक भक्तिगीतांचा संग्रह अभंगांजलि ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. शिवाय त्यांनीं पदें, आरत्या, मुलांसाठीं गाणीं अशी विपुल रचना केली. त्यांच्या एकंदर कवितांची संख्या दोन हजारांवर जाते. गाणें नुसतें लिहून ते थांबत नसत. टाळ, मृदंग घेऊन ते स्वतः भजनास बसत, कीर्तनास उभे राहत. पूर्वरंगांत सिद्धांत मांडावा आणि उत्तररंगांत आख्यान लावून तो श्रोत्यांच्या हृदयांत उतरवावा, ही जी आपली जुनी कीर्तनपद्धति, तींत त्यांनीं येशूचे दाखले व चरित्र सहज बसविलें.

ह्या कार्याला सर्वांनींच माना डोलाविल्या असतील असें समजूं नये. मंदिरांत टाळ वाजूं लागले कीं कित्येक जुन्या ख्रिस्ती लोकांना वाटे, आपण जें मागें सोडून आलों तेंच हें परत आणीत आहेत. इकडे हिंदु आप्तांना वाटे, आमचा अभंग ह्यांनीं पळवून नेला. दोन्ही बाजूंनीं परका ठरण्याचें हें दुःख टिळकांनीं पुष्कळ वर्षें सोसलें. तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. जन्मानें ब्राह्मण आणि संस्कृताचा पंडित असलेला हा कवि, आपली सारी विद्या गांवाबाहेरच्या वस्तींतील निरक्षर बंधूच्या गळ्यांत बसेल इतकी सोपी करण्यासाठीं झिजवीत होता. आणि तो बंधु व हा पंडित एकाच सतरंजीवर बसून एकच धृपद म्हणत होते. जातिभेदाविरुद्ध शंभर व्याख्यानें देऊनहि जें होत नाहीं, तें त्या सतरंजीवर घडत होतें.

टिळक केवळ ख्रिस्ती समाजाचे कवि होते असें समजणें मात्र अन्यायाचें होईल. केशवसुतांच्या पिढीनें मराठी कवितेला जें नवें वळण दिलें, त्यांत टिळकांचाहि वांटा मोठा आहे. वनवासी फूल, सुशीला हीं त्यांचीं काव्यें रसिकांनीं डोक्यावर घेतलीं. पारध्याच्या बाणानें घायाळ झालेल्या पक्षिणीवरची त्यांची केवढें हें क्रौर्य ही कविता पिढ्यान् पिढ्या शाळांतून पाठ केली गेली. तुमच्या आजोबांना विचाराल तर तिचें एखादें कडवें ते अजूनहि म्हणून दाखवतील. फुलांवर व मुलांवर त्यांचें इतकें प्रेम होतें कीं महाराष्ट्र त्यांना फुलामुलांचे कवि म्हणूनच ओळखूं लागला. तरुण कवींना तर त्यांचें घर माहेरासारखें होतें. धरणगांवचा त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवि, नगरास ह्याच घरीं राहिला, आणि लक्ष्मीबाईंनीं त्याच्यावर पोटच्या मुलासारखी माया केली. तो हिंदु आणि हीं ख्रिस्ती, हा भेद त्या घराच्या उंबरठ्याच्या आंत आला नाहीं. 1918 सालीं आगगाडीच्या अपघातांत बालकवीचा अकालीं अंत झाला, तेव्हां त्या घरानें आपलाच एक मुलगा गमावला.

ह्या घरांत दुष्काळानें पोरकीं केलेलीं मुलेंहि वाढलीं. टिळक कोणाला नाहीं म्हणत नसत. आणि त्यांच्या होकाराचा स्वयंपाक लक्ष्मीबाईंना रांधावा लागे. टिळकांचा राग लौकर येई व लौकर जाई. पैशाचा हिशेब त्यांना कधीं जमला नाहीं. लक्ष्मीबाईंनीं पुढें हें सारें हंसतखेळत लिहून ठेविलें आहे. पण त्या हंसण्यामागें एका संसारी बाईची किती ओढाताण लपलेली असेल, तें मुलांपेक्षां त्यांच्या आयांनाच चटकन् कळेल. थोरांचे दोष झांकून ठेवल्यानें त्यांचा गौरव होत नसतो. दोषांसह माणूस डोळ्यांपुढें उभा राहिला म्हणजेच त्याच्या गुणांवर आपला विश्वास बसतो.

1912 पासून टिळक ज्ञानोदय पत्राच्या मराठी विभागाचे संपादक झाले. 1842 सालीं निघालेलें हें जुनें पत्र. त्यांतून त्यांचीं गद्यपद्यें वाचकांच्या हातीं जात. आज गाणें खिशांतील यंत्रांत मावतें आणि बोट लावतांच वाजूं लागतें. त्या काळीं नवें भजन गांवोगांव पोंचे तें कागदावरून व माणसाच्या तोंडून. कोणी तें उतरून घेई, कोणी बाजारच्या दिवशीं शेजारच्या गांवीं जाऊन चाल शिकून येई, आणि येत्या रविवारीं तें मंडळींत म्हटलें जाई. अशा रीतीनें पाठांतराच्या बळावर जीं गीतें टिकलीं, तींच पुढें संग्रहांत स्थिर झालीं. उपासनासंगीत हा मराठी ख्रिस्ती समाजाचा गीतसंग्रह उघडून पाहा. पानापानावर टिळकांचें नांव आढळेल.

आयुष्याच्या अखेरीस त्यांनीं आणखी एक धाडसाचें पाऊल उचललें. ख्रिस्त हा कोणत्याहि पंथाच्या कुंपणांत कोंडून ठेवावयाचा नाहीं, आणि त्याचा सेवक पगारावर अवलंबून असतां कामा नये, असें त्यांच्या मनानें घेतलें. 1917 सालीं त्यांनीं मिशनचा पगारी संबंध सोडला व साताऱ्यास जाऊन देवाचा दरबार ह्या नांवाची एक बंधुता स्थापन केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त तींत एकत्र यावे, अशी त्यांची कल्पना होती. पन्नाशी उलटून गेलेली, प्रकृति खालावलेली, आणि ह्या वयांत घरादाराचा विचार न करतां संन्यस्त वृत्तीनें निघणें! लक्ष्मीबाईंना पुन्हा एकदां सारें नव्यानें मांडावें लागलें. तो दरबार फार काळ चालवण्यास मात्र टिळक राहिले नाहींत. आजार बळावल्यावर त्यांना मुंबईस आणण्यांत आलें, आणि 9 मे 1919 रोजीं त्यांनीं येथेंच देह ठेवला. ज्या नगरींत चोवीस वर्षांपूर्वीं त्यांनीं नवा जन्म घेतला, त्याच नगरींत त्यांच्या ह्या जन्माची अखेर झाली.

मागें राहिलें एक अपुरें महाकाव्य. ख्रिस्ताचें चरित्र ओवीबद्ध करावें म्हणून त्यांनीं ख्रिस्तायन हातीं घेतलें होतें. पण दहा अध्यायच लिहून झाले होते. तें पुरें कोणीं करावें? ज्या बाईला तिच्या नवऱ्यानें अक्षरें गिरवावयास शिकविलीं होतीं, तिनें लेखणी उचलली, आणि एक ना दोन, चौसष्ट अध्याय लिहिले. एके काळीं ज्या धर्मान्तरानें त्यांचा संसार दुभंगला होता, त्याच विषयावरचें काव्य पत्नीनें पतीच्या मागें पुढें न्यावें, ह्याहून त्या दोघांच्या प्रेमाची दुसरी साक्ष कोणती हवी? लक्ष्मीबाईंचीं स्मृतिचित्रें 1934 पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालीं आणि मराठी वाचकांनीं तीं हृदयाशीं धरलीं. 1936 सालीं त्याहि निवर्तल्या. त्यांचे चिरंजीव देवदत्त ह्यांनीं आईवडिलांचा वाङ्मयीन वारसा जपला.

टिळकांच्या गीतांची आणखी एक गंमत पाहा. इंग्रजी गीतें मराठींत आणण्याचा प्रघात होता. पुढें ओघ उलट फिरला. डॉ. निकोल मॅक्निकल ह्या मिशनऱ्यानें टिळकांचीं कांहीं गीतें इंग्रजींत उतरविलीं, आणि तीं परदेशच्या उपासनांतूनहि गाइलीं जाऊं लागलीं. जो समाज दुसऱ्याचें गाणें गात होता, त्याचें गाणें आतां दुसरे गाऊं लागले. जो आपल्या मातीशीं इमानी राहतो, त्याच्याजवळच जगाला देण्यासारखें कांहीं असतें, हें ह्यावरून दिसून येईल.

ह्याचा अर्थ परकें तें सारें टाकावें असा कोणी काढूं नये. बाजाची पेटी मुळांत पश्चिमेकडचीच. पण आज तिच्यावांचून आपलें भजन किंवा कीर्तन सुनें वाटतें. टिळकांच्या हातीं आलेला नवा करारहि दुसऱ्या देशांतून समुद्र ओलांडून आला होता. प्रश्न वस्तु कोठून आली हा नसतो. ती आपल्या गळ्यांत बसली कीं नाहीं, हा असतो. टिळकांनीं परक्या देशांतून आलेला संदेश आपल्या आईच्या आवाजांत बसवून घेतला, आणि मगच तो दुसऱ्यांस दिला.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही कोणत्याहि धर्माचे असा, ह्या चरित्रापासून घेण्यासारखें पुष्कळ आहे. सत्याचा शोध लागला कीं त्याची किंमत देण्याची तयारी ठेवा. पण ती किंमत आपल्याबरोबर आणखी कोणाला भरावी लागते आहे, हेंहि विसरूं नका. सकाळच्या प्रार्थनेला उभे राहतां तेव्हां तोंडानें शब्द पुटपुटून मोकळे होऊं नका. जें गातां त्याचा अर्थ मनांत उतरूं द्या. आणि पालकहो, आपणांस एक विनंति. आपल्या घरांत आजीआजोबांना ज्या ओव्या, जे अभंग, जीं भजनें येतात, तीं त्यांच्याबरोबर जाऊं देऊं नका. येत्या सुटींत मुलांना त्यांच्याजवळ बसवा, एक वही द्या, आणि तीं चालींसह शिकून लिहून घेण्यास सांगा. जानकीबाई करजगांवच्या घरीं मुलाला जवळ घेऊन जें गुणगुणली, तें जर त्या मुलानें विसरून टाकलें असतें, तर हजारों लोकांचे रविवार आजहि मुकेच राहिले असते.